खालचा डावा कोपरा

दर गुरुवारी चारच्या सुमारास आम्ही फोर्टात उतरतो,
मी आणि बशीर,
गॅलऱ्या बघायला.
हसायचं तर हसा.
चाळीस वर्षं धोबीतलावच्या एका पोटमाळ्यावर
मी पट्ट्या कापल्या, त्यानं काच.
हजारो चित्रं हाताखालून गेली,
डोळ्यांखालून किती, ते विचारू नका.
गिऱ्हाईक म्हणायचं, कसं वाटतंय?
आम्ही म्हणायचो, बावीस बाय तीस.

तिकीट नाही, कुणी अडवत नाही,
फक्त काचेचं दार ओढायचं की ढकलायचं
हे दर वेळी नव्यानं शिकावं लागतं.
टेबलामागची मुलगी मान वर करते,
आमच्या चपलांपर्यंत येते,
परत लॅपटॉपात जाते.

बशीर चित्रासमोर आला की तिरका होतो,
हात पाठीमागे बांधून काचेतली लाट शोधतो.
मी कोपरे बघतो.
पंचेचाळीस अंश म्हणजे पंचेचाळीस,
पाव अंश हुकला तर सांध्यातून उजेड येतो
आणि जन्मभर येतच राहतो.

हल्ली पुष्कळांना फ्रेमच नसते.
कडांचे खिळे दिसतात.
बशीर म्हणतो, सदरा न घालता दारात आलंय.
एका ठिकाणी खोलीभर वाळू होती आणि एक पंखा.
पंख्याखाली आम्ही बराच वेळ थांबलो,
मुलीला वाटलं, आम्हाला कळलं.

मागच्या गुरुवारी, लाकडी जिन्याच्या तिसऱ्या मजल्यावर,
'जुन्या संग्रहातून' अशी पाटी असलेल्या खोलीत
मला माझी पट्टी भेटली.
सागवान, दीड इंची, आतल्या कडेला सोनेरी रेघ.
आणि खालचा डावा कोपरा:
केसाएवढी फट,
मेणात गेरू कालवून बुजवलेली.

त्या दुपारी शेजारच्या दुकानात फोन आला होता,
मुलगी झाली म्हणून.
करवत अर्ध्या लाकडात होती.
मी ती पुरी केली आणि मग धावलो,
एवढंच चुकलं.
ती यंदा चौतीसची झाली.
फटही.

मेण सुकून गळलं होतं. आत थोडी धूळ.
मी बोट पुढे केलं.
'काका, हात नाही,' निकाळजे म्हणाला, तिथला वॉचमन,
'कॅमेरा आहे.'
म्हटलं, हे मी केलंय.
'चित्र?'
नाही. चित्राच्या भोवतीचं.
त्यानं जरा विचार केला.
'मग भोवतीनंच बघा.'

बशीर तोवर गप्प.
जानेवारीत मोतीबिंदू काढल्यापासून
निळा रंग त्याला दुकानातून नुकताच आणल्यासारखा दिसतो.
आज तो तिरका झाला नव्हता. सरळ उभा.
म्हणाला, पांचाळ, मिठागर आहे रे.
कुठे?
अरे, समोर.

मी मागे सरलो. एक पाऊल, मग आणखी तीन.
मिठागर होतं.
घोट्याएवढं निळं पाणी, पांढरे ढीग,
फावडं ओढत चाललेली एक बाई, पाठमोरी,
तिची सावली बांधावर तिच्याआधी पोचलेली.
अकरा दिवस हे माझ्या बाकावर पडलं होतं.
उपडं.

निघताना टेबलावर अभिप्रायाची वही.
'अप्रतिम!' 'फार शांत वाटलं.'
कुणी नुसतंच एक फूल काढलेलं.
बशीरनं लिहिलं: काच अजून साफ आहे. माझी आहे.
खाली सही, उर्दूत.
मी चष्मा काढला, पुसला, घातला,
मागे माणसं खोळंबली.
शेवटी लिहिलं:
मिठागर, आतली खोली. खालचा डावा कोपरा उघडलाय.
येऊन भरून देईन. पैसे नकोत.
आणि नंबर, दोनदा, आकडे नीट कळावेत म्हणून.

आज बुधवार. फोन आलेला नाही.
मेण घरात होतंच,
गेरू तेवढा आणून ठेवलाय.